चारशे वीस मीटरचं यान आणि माझा फीडबॅक

मला चित्र काढता येत नाही. हे आधीच सांगते, कारण हा लेख ज्यांच्या उपयोगी पडेल असं वाटतं त्यांची पहिली अडचणही तीच असणार: आपण कोण सांगणारे?

स्टार ट्रेक या अवकाशयानाच्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचा एक गट आहे. निरनिराळ्या देशांतले लोक मिळून दर वर्षी त्या विश्वात शोभतील अशा, पण स्वतः कल्पिलेल्या यानांच्या डिजिटल चित्रांचा संच काढतात. पीडीएफ फुकट, विक्री अजिबात नाही. प्रत्येक चित्रकाराला फीडबॅक देणारे दोन रिव्ह्यूअर मिळतात, एक स्वतः चित्रं काढणारा आणि एक न काढणारा. यंदा मी त्या दुसऱ्या प्रकारातली होते. नोव्हेंबरात अर्ज भरला, मे महिन्यात काम संपलं. मधल्या काळात काय काय विचारतात, काय लागतं आणि किती वाट बघावी लागते हे कुठे सलग लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर.

माझी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने माप चुकलंय, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) राहिलाय, असं लिहीत असते. स्टार ट्रेक ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर बघितलं, इंग्रजी फारसं कळत नसताना. तेव्हापासून त्यातलं एंटरप्राइझ यान डोक्यात बसलंय. कलाशिक्षण शून्य.

अर्जाचा फॉर्म अपेक्षेपेक्षा लांब निघाला. नाव, ईमेल, टाइम झोन इथपर्यंत ठीक. पुढे स्क्रीन कोणती, किती इंची, रंग ओळखायला काही अडचण आहे का, कोणत्या विषयातलं काहीच कळत नाही (हा प्रश्न मला फार आवडला, मी ‘रंगसंगती’ लिहिलं), आणि नमुना म्हणून त्यांनी दिलेल्या एका जुन्या चित्रावर दोनशे शब्दांत फीडबॅक. सोबत तीन संमतिपत्रं. पहिलं, अर्धवट अवस्थेतलं चित्र कुणालाही दाखवणार नाही. दुसरं, माझ्या सूचनेवरून चित्रात काही बदललं तरी चित्रावर माझा हक्क नाही. तिसरं, चित्रकाराने ‘पेंटओव्हर चालेल’ या चौकोनात टिक केली नसेल तर त्याच्या चित्रावर मी रेघ ओढणार नाही. म्हणजे लाल पेन पहिल्याच दिवशी जप्त.

मुदतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळ्या तारखा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. ‘३० नोव्हेंबर, २३:५९ यूटीसी’ म्हणजे आपल्याकडे १ डिसेंबरची पहाट, पाच एकोणतीस. रात्री बारापर्यंत धडपडायची गरज नाही, सकाळी लवकर उठून शांतपणे पाठवता येतं.

मग डिसेंबर गेला. ‘अर्ज मिळाला’ एवढा एक आपोआप आलेला मेल, बाकी काही नाही. नाताळात तिकडे सगळं बंद असतं हे कळत असूनही आपल्याला घेतलं नाही असं मनात धरूनच टाकलं होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला: एक चित्रकार, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दहा दिवस, आणि एक सामाईक फोल्डर.

माझ्या वाट्याला आलेला चित्रकार पोलंडचा. दातांच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर क्राउन आणि कवळ्या डिझाइन करतो, आणि रात्री ब्लेंडरमध्ये यानं बनवतो. ब्लेंडर हे थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअर. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच उसनं. त्याचा फायदाच झाला. मी आधी मराठीत लिहायचे, मग छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत. इंग्रजीतले गुळमुळीत शब्द मला येतच नव्हते, त्यामुळे ‘छान आहे पण’ची फुलझाडं आपोआप गळाली.

पहिल्या फेरीत नुसता राखाडी आकार असतो. रंग नाही, खिडक्या नाहीत, दिवे नाहीत. फीडबॅकच्या फॉर्ममध्ये तीनच रकाने. पहिल्या तीन सेकंदांत काय दिसलं? नजर कुठे अडखळली? चित्रकाराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय? ‘काय करावं’ असा रकाना नाही. खाली बारीक अक्षरात सूचना: उपाय सुचवू नका, विचारल्याशिवाय.

हे माझ्या नोकरीच्या अगदी उलटं. आमच्याकडे चूक दाखवली की दुरुस्तीही लिहायचीच असते. पण दोन दिवस त्या रकान्यांपुढे बसल्यावर त्यातली मेख कळली. मला ब्लेंडर येत नाही, रंग कळत नाहीत, म्हणजे मी सुचवलेला उपाय बहुधा वाईटच असणार. पण मला जे दिसलं ते दिसलं. त्यावर कुणी वाद घालू शकत नाही, आणि ते चित्रकाराला स्वतःहून कधीच दिसणार नसतं, कारण तो ते चित्र महिनाभर बघत असतो.

त्याचा पहिल्या फेरीचा प्रश्न होता, यानाची पुढची बाजू कोणती वाटते? पुढे निमुळता भाग, मागे रुंद बशी, वरती दोन लांब इंजिनं. मी लिहिलं, ‘यान डावीकडे चाललंय असं वाटलं. मग इंजिनांची तोंडं पाहिली, तेव्हा उजवीकडे चाललंय असं वाटलं. सहा-सात सेकंद ठरेना.’ एवढंच. माझी भाची ॲनिमेशन शिकते. तिला चित्र दाखवता येत नव्हतं, पण बघायचं कसं हे विचारता येत होतं. ‘मावशी, आधी ते अंगठ्याच्या नखाएवढं करून बघ. मग आरशासारखं उलटं कर. मग डोळे बारीक कर. प्रत्येक वेळी काय आधी दिसतं ते लिहून ठेव,’ ती म्हणाली. हे कुठल्याही फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. तिने पेन टॅब्लेट घेऊ नको असंही सांगितलं. चार-पाच हजार वाचले. रिव्ह्यूअरला माउस पुरतो.

एक घरगुती सूचना: स्क्रीनवरचा नाइट लाइट बंद करा. संध्याकाळनंतर तो आपोआप पिवळट छटा आणतो आणि आपण भलत्याच रंगांबद्दल बोलत बसतो. अवकाशाची चित्रं बहुतांश काळी असतात, म्हणून खोलीतला दिवाही मालवून बघायचं. काळ्यातला काळा तेव्हाच वेगळा होतो.

दुसरी फेरी फेब्रुवारीच्या मध्यावर. आता यान जवळजवळ पूर्ण होतं आणि देखणं होतं. पृष्ठभागांवर त्याचा हात असा की बशीपासून मानेपर्यंत कुठे सांधा सापडू नये. प्रश्न होता: हे यान किती मोठं वाटतं?

मी बराच वेळ टाळलं. फाइलच्या नावात त्याने ‘४२०एम’ लिहिलेलं मला दिसत होतं, म्हणजे चारशे वीस मीटर. पण डोळ्यांना दिसत होती वापरून गुळगुळीत झालेली साबणाची वडी. तळहातावर मावेल अशी. खोटं लिहायचं तर रिव्ह्यूअर कशाला व्हायचं? शेवटी लिहिलं, ‘तळहातावर मावेल असं वाटलं. कारण मला सांगता येत नाहीये, अजून शोधते आहे.’ आणि पाठवून दिलं.

त्यानंतर आठवडाभर काही नाही. समन्वयकाचा ठरावीक मेल आला, ‘चित्रकाराने फीडबॅक वाचला आहे.’ बस. या दिवसांची तयारी मनात ठेवा. ऑफिसात जेवताना, बसमध्ये, सारखं वाटायचं की माणसाचं मन मोडलं. फोल्डर दिवसातून कितीदा तरी उघडून बघत होते. नियमानुसार फेरीच्या मधे आपण मेल करायचा नसतो, त्यामुळे सारवासारवही करता येत नाही. आता वाटतं, तो नियम चांगला आहे.

त्या आठवड्यात मी कारण शोधत बसले, आणि ते माझ्याच धंद्यातलं निघालं. मापं.

चित्र ३८४० पिक्सेल रुंद. यान आडवं, त्यातले साधारण ३००० पिक्सेल व्यापणारं. ४२० मीटर भागिले ३०००, म्हणजे एक पिक्सेल बरोबर १४ सेंटिमीटर. आता मोजत गेले. पत्र्यांमधल्या फटी चार पिक्सेल जाड, म्हणजे ५६ सेंटिमीटर. माणूस आडवा आत सरकेल. कडांची गोलाई बारा पिक्सेल त्रिज्येची, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. खिडक्या तीस पिक्सेल उंच, म्हणजे चार मीटर वीस. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर खिडकी मजल्यापेक्षा उंच! शिवाय पुढचं टोक आणि मागची इंजिनं हलकी धूसर केली होती. मोठ्या वस्तूचा लांबून फोटो काढला की ती सगळीच स्पष्ट येते. पुढचं-मागचं धूसर होतं ते हातभर अंतरावरच्या छोट्या वस्तूचं, आणि डोळ्याला हे न शिकवता ठाऊक असतं.

मग त्याचा मेल आला, समन्वयकामार्फत. रागावला नव्हता. त्याने लिहिलं होतं की तो दिवसभर मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात काम करतो आणि प्रत्येक कड गोल करतो, कारण धारदार कड जिभेला टोचते. आणि एक चौकोन टिक केला होता: ‘कारणं आणि आकडे चालतील.’ मी माझा तक्ता पाठवला. उपाय एकही नाही. डावीकडे पिक्सेल, उजवीकडे मीटर.

पण दुसऱ्या रिव्ह्यूअरनेही मोठेपणाबद्दलच लिहिलं होतं, आणि त्याने उपाय सांगितला होता: पृष्ठभाग फार मोकळा आहे, बारीकसारीक यंत्रभाग भरा. या भागांना ‘ग्रीबल’ म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकांत सिनेमासाठी यानांची मॉडेलं करणारे लोक रणगाड्यांच्या, विमानांच्या खेळण्यातल्या प्लास्टिक किटमधले तुकडे काढून चिकटवायचे, तिथून ही चाल. हल्ली त्यांचे तयार संच मिळतात. चित्रकाराने ते भरले आणि मधली एक आवृत्ती टाकली. मला दिसलं ते लिहिलं: ‘आता यान मोठं वाटतंय. पण ते या विश्वातलं वाटत नाहीये. आणि आधीच्या चित्रात जे मला परत परत बघावंसं वाटत होतं ते दिसत नाही.’

इथे मला थोडा इतिहास लिहावा लागला, कारण त्याने थेट विचारलं की या विश्वातलं म्हणजे काय. मूळ एंटरप्राइझ यानाचा आराखडा मॅट जेफरीज यांचा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर काम केलेले, स्वतः वैमानिक. मालिकेचे कर्ते जीन रॉडेनबेरी यांनी त्यांना काय नको तेच जास्त सांगितलं होतं: अग्निबाण नको, ज्वाळा नकोत, पंख नकोत. जेफरीज यांनी इंजिनं धडापासून लांब दांड्यांवर ठेवली, कारण इतकी ताकदवान गोष्ट माणसांच्या जवळ नसावी. आणि बाहेरचा पृष्ठभाग मुद्दाम गुळगुळीत ठेवला. दुरुस्तीची यंत्रं आत असावीत, बाहेर लटकावून माणसाला अवकाशात कशाला पाठवायचं, हा त्यांचा विचार. एखाद्या विमानवाल्याला सुचेल असाच. माझ्यासारखीला तो लगेच पटतो.

त्या यानाचं मोठं मॉडेल साडेतीन मीटरच्या जरा आत आहे, अकरा फूट आणि काही इंच. १९६४ सालचं. १९७४ मध्ये ते स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेला दिलं गेलं आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये पुढच्या दालनात मांडलं. मालिकेत यानाची लांबी २८९ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण एकाला पंच्याऐंशी. मी त्याचे फोटो मोठे करून बघत होते. त्यात डावी बाजू अपुरी आहे, कारण दिव्यांच्या वायरी तिकडून आत जायच्या आणि चित्रीकरण उजवीकडून व्हायचं. बशीच्या वर पत्र्यांची जाळी आहे, ती पेन्सिलीने आखलेली. खोदलेल्या फटी नाहीत, रंगवलेल्या पट्ट्या नाहीत. पेन्सिलीच्या रेघा, ज्या जवळ गेल्यावरच दिसतात.

हा पेन्सिलीचा तपशील मी त्याला फोटोसकट पाठवला आणि गप्प बसले. पुढच्या आवृत्तीत ग्रीबल गेले होते. फटींच्या जागी रंगाच्या अगदी किंचित फरकाचे चौकोन आले होते. खिडक्या सात-आठ पिक्सेलच्या झाल्या होत्या, आणि सगळ्या पेटलेल्या नव्हत्या, कुठे तीन, कुठे एक, कुठे अख्खी रांग अंधारात. हे त्याचं स्वतःचं. मला सुचलं नसतं.

सावल्यांवर मात्र आमचं चांगलंच जुंपलं, आणि या सगळ्या प्रकरणातला तो माझा सर्वांत आवडता भाग.

इंजिनाची सावली बशीवर पडत होती आणि तिची कड फार मऊ होती, साठेक पिक्सेल पसरलेली. म्हणजे आठ-साडेआठ मीटर. मी लिहिलं, ‘सावली खोलीतल्या दिव्याची वाटते.’ त्याने आकडे मागितले. पृथ्वीवरून सूर्य जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो. तेवढ्या रुंद दिव्यामुळे सावलीची कड वस्तूच्या अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी धूसर होते. इंजिन बशीपासून साठ मीटरवर, म्हणजे कड अर्ध्या मीटरहून किंचित जास्त, चित्रात चार पिक्सेल. ब्लेंडरमधल्या सूर्याच्या दिव्याला हा कोन आकड्यात देता येतो, हे त्यानेच मला सांगितलं.

आणि मग त्याचं उत्तर: पण माझं यान सूर्याजवळ नाहीच. ते प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या ग्रहाजवळ आहे!

मी ऑफिसातून घरी येईपर्यंत हसत होते. रात्री गणित केलं. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा. तो सूर्याच्या सातव्या भागाहून थोडासा मोठा, पण प्रॉक्सिमा बी हा ग्रह त्याच्या इतका जवळ, पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर, की तिथून तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल. म्हणजे कड चारऐवजी बारा पिक्सेल. साठ नाहीच. शिवाय तो लाल खुजा तारा, त्याचा उजेड आपल्या उन्हापेक्षा तांबूस. त्याने बारा ठेवले आणि उजेडही बदलला. पांढरं यान एकदम तांबूस-नारिंगी झालं आणि आधी सपाट वाटणारी मान उठून आली.

बाकी मी एक गोष्ट पोटात ठेवली. यानावर उष्णता बाहेर टाकणारे पडदे, म्हणजे रेडिएटर, कुठेच नव्हते. अवकाशात हवा नाही, उष्णता फक्त किरणांनीच बाहेर जाते, म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अमोनिया खेळवणारे मोठे पांढरे पडदे लावलेले आहेत. चारशे वीस मीटरच्या यानाला किती लागतील याचं गणित मी करूनही ठेवलं होतं. पण त्याने ते विचारलं नव्हतं, आणि मूळ मालिकेतल्या यानालाही ते नाहीत. अभियंत्यांना अशा वेळी जीभ आवरणं फार जड जातं. तुम्ही त्यातले असाल तर वेगळी वही करा आणि तिथे लिहा.

तिसरी फेरी मार्चच्या शेवटी होती आणि त्यात एकदा व्हिडिओ कॉलची सोय होती. इथे एक काळजी घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात. पोलंड आणि आपल्यात साडेचार तासांचं अंतर असतं ते साडेतीन होतं. कॉलची वेळ नेहमी यूटीसीमध्येच लिहून घ्या.

कॉल छोटा झाला. दोघांनाही बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जात होतं. त्याने शेवटचा प्रश्न विचारला, कागदावर कसं दिसेल? संच पीडीएफ असला तरी लोक स्वतःसाठी छापून घेतात. छापायला त्याची लेखी परवानगी लागली, कारण चित्र गोपनीय. ती मेलवर घेतली आणि शनिवार पेठेतल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडे गेले. ए-थ्री, चकचकीत कागद, साठ रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ह्यात निम्मं काळंच येणार, सांगून ठेवतो.’ तसंच झालं. सावलीतली बाजू, जी स्क्रीनवर अंधाऱ्या खोलीत छान दिसत होती, ती कागदावर पूर्ण बुडाली. यान अर्धंच उरलं. मॅट कागदावर पुन्हा काढून बघितलं, अजून वाईट. फोटो काढून पाठवले. प्रिंटवाल्याच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधून फाइल माझ्यासमोर पुसायला लावली आणि घरी येऊन प्रिंट फाडले, नियमात तसं होतं. चित्रकाराने ग्रहावरून परतणारा मंद उजेड सावलीतल्या बाजूला टाकला, खिडक्यांची एक रांग तिकडे सरकवली आणि विषय मिटला.

एकूण खर्च प्रिंटचे एकशेवीस रुपये आणि बसभाडं. वेळ मात्र भरपूर जातो. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी धरून चाला, आणि पहिल्या वर्षी एकापेक्षा जास्त चित्रकार घेऊ नका. फॉर्ममध्ये ‘तीनपर्यंत’ असा पर्याय असतो, मोह होतो.

एप्रिलअखेर अंतिम चित्र जमा झालं. मग मे महिन्यात माझे उरलेले कागद: श्रेयनामावलीत नाव हवं की टोपणनाव (मी टोपणनाव घेतलं, ऑफिसात प्रश्न नकोत), फोल्डरमधल्या सगळ्या अर्धवट आवृत्त्या तीस दिवसांत पुसल्याचं कबुलीपत्र, आणि पुढच्या वर्षी तयार आहात का. तिथे हो लिहिलं.

अंतिम चित्रात माझी एक नोंद त्याने सरळ बाजूला ठेवली. इंजिनांच्या टोकांचा निळा उजेड मला तिन्ही फेऱ्यांत डोळ्यात खुपला होता आणि तिन्ही वेळा मी ते लिहिलं. तिसऱ्यांदा त्याने उत्तर दिलं, ‘माहीत आहे. मला आवडतो.’ मला तो अजूनही जास्तच वाटतो.